रेडीमेड घ्यावा की असेंबल करावा? घरच्या बॅकअपविषयीचे गैरसमज

गोंदिया, आमगाव, तिरोडा, कुठल्याही गावातल्या फोटो स्टुडिओत काउंटरमागचा कप्पा पाहा. पोर्टेबल हार्डडिस्कची चळत रचलेली असते, एकेकीवर मार्करने वर्ष आणि लग्नाचा सीझन लिहिलेला. फोर-के व्हिडिओ १०० एमबीपीएसने रेकॉर्ड केला की एक कॅमेरा तासाला ४५ जीबी भरतो. दोन कॅमेरे सहा तास चालले, तर एका लग्नाचे ५०० जीबीच्या वर जातात. हीच अडचण पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची आहे. महाराष्ट्रातला सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. धानाच्या बांधीतलं त्याचं घरटं, परसवाडा तलावावरची एखादी जोडी, यांचे जुने फोटो हरवले तर ते पुन्हा काढता येत नाहीत.

या मंडळींमध्ये आता ‘नॅस’ची चर्चा ऐकू येते. नॅस म्हणजे राउटरला जोडलेला, चोवीस तास चालू राहणारा, दोन किंवा अधिक हार्डडिस्कचा खोका. घरातले सगळे फोन आणि संगणक वाय-फायवरून त्यात फाइली ठेवतात. तो सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपसारख्या कंपनीचा रेडीमेड मिळतो, किंवा जुन्या डेस्कटॉपवर, छोट्या मिनी पीसीवर ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट अशी मोफत प्रणाली टाकून घरी असेंबल करता येतो. वाद इथेच सुरू होतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या मुद्द्यांवर रंगतो.

गैरसमज: दोन डिस्क आहेत, म्हणजे बॅकअप झाला

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच, म्हणून त्याला जास्त जागा देतो. दुकानदार सांगतो, “दादा, यात दोन डिस्क आहेत. एक गेली तरी दुसरीत सगळं आहे.” ते खरं आहे. दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिण्याच्या या पद्धतीला रेड-१ म्हणतात. एक डिस्क बंद पडली तर काम न थांबता चालू राहतं आणि नवी डिस्क घातली की ती आपोआप भरली जाते. पण ही गाडीतली स्टेपनी आहे. पंक्चर झालं तर ती उपयोगी, गाडीच चोरीला गेली तर स्टेपनीही तिच्यासोबत गेली.

मुलाने चुकून फोल्डर डिलीट केलं, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर दोन्हीकडच्या होतात. वीज पडली, घरात पाणी शिरलं, चोराने खोका उचलला, तरी दोन्ही एकदम जातात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर गोंदिया-भंडाऱ्याच्या नदीकाठच्या गावांना आठवत असेल. असं पाणी घरात शिरलं की एका खोक्यातल्या दोन डिस्क वेगवेगळं नशीब घेऊन येत नाहीत. शिवाय दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच वयाच्या. पहिली गेल्यावर नवी भरली जात असताना जुनीवर सलग ताण येतो. ४ टीबीची डिस्क भरायला सात-आठ तास सहज लागतात. दुसरी आजारी असेल तर ती त्याच वेळी मान टाकू शकते.

हे मोठ्या संस्थांनाही चुकलेलं नाही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, तेव्हा ज्या फायली आधी स्कॅन होऊन दुसरीकडे ठेवलेल्या होत्या त्या वाचल्या आणि ज्यांची एकच कागदी प्रत होती त्या राख झाल्या. अगदी अलीकडे, २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीने पेट घेतला. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठवणीतला ८५८ टीबी मजकूर त्या आगीत गेला, कारण त्याची प्रत बाहेर कुठेही नव्हती. तिथे डिस्क दोन नव्हे, कितीतरी होत्या. जागा मात्र एकच होती.

म्हणून जगभर पाळला जाणारा साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. हा नियम रूढ झाला तो पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने छायाचित्रकारांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून. म्हणजे तो मुळात आपल्या स्टुडिओवाल्यांसारख्यांसाठीच सांगितलेला आहे. नॅस रेडीमेड असो की असेंबल केलेला, तो या तीनपैकी फक्त एक प्रत आहे. खोक्यावर सगळे पैसे संपवून बाहेरच्या प्रतीसाठी काही न उरणं हा चुकीचा सौदा आहे.

गैरसमज: घरी जुना पीसी पडून आहे, मग असेंबल केलेलं फुकटातच पडेल

आधी खर्च नीट मांडू. हार्डडिस्कचे पैसे दोन्हीकडे तेवढेच लागतात. अनेकांना वाटतं की रेडीमेड खोक्यात डिस्क असतातच. बहुतेक मॉडेलं रिकामी येतात आणि दोन डिस्कची किंमत मिळून खोक्याएवढी किंवा त्याहून जास्त होते. त्यामुळे वाचतात ते फक्त खोक्याचे पैसे.

आता विजेचं पाहू. दोन डिस्कचा छोटा रेडीमेड नॅस साधारण १७ वॅट घेतो. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे महिन्याला १२-१३ युनिट. आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप काही न करता बसला तरी ६० वॅट घेतो, म्हणजे ४३ युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो हे सर्वांना माहीत आहे. ज्या घराचं बिल ८०-९० युनिटांवर थांबतं, तिथे हा ‘फुकटचा’ पीसी दर महिन्याला वरच्या टप्प्यात ढकलतो. तीन-चार वर्षांत रेडीमेड आणि असेंबल यांच्या किमतीतला बराचसा फरक मीटरमधून निघून जातो. इंटेलच्या एन-१०० सारख्या प्रोसेसरचा मिनी पीसी घेतला तर वीज कमी लागते, पण मग तो जुना पीसी राहिला नाही, नवी खरेदी झाली. त्यात दोन मोठ्या डिस्क बसवायला जागा बहुधा नसते, त्यासाठी वेगळा डबा घ्यावा लागतो.

जुन्या पीसीत मला खरी भीती वाटते ती त्याच्या एसएमपीएसची. प्रोसेसर जुना असला तरी या कामाला पुरतो. दहा वर्षं धूळ खाल्लेला वीजपुरवठ्याचा डबा जाताना सोबत डिस्कही घेऊन जाऊ शकतो. राईस मिलच्या परिसरात राहणाऱ्यांनी एकदा कॅबिनेटचं झाकण उघडून पाहावं. पंख्याच्या पात्यांवर कोंड्याचा मऊ थर बसलेला दिसेल, आणि तसाच थर एसएमपीएसच्या आतही असतो. जुना पीसी वापरायचाच असेल तर एसएमपीएस नवा घाला. तिथे काटकसर नको.

असेंबल केलेलं खरोखर कुठे जिंकतं? चार किंवा जास्त डिस्क लागत असतील तेव्हा. रेडीमेडमध्ये दोनवरून चार डिस्कवर गेलं की खोक्याची किंमत भराभर चढते, तर साध्या कॅबिनेटमध्ये चार डिस्क तशाच मावतात. दहा-वीस टीबी सांभाळणाऱ्या स्टुडिओला, ज्याच्याकडे संगणक उघडून पाहणारा माणूस आहे, मी असेंबल करायलाच सांगेन. दोन डिस्कमध्ये भागणाऱ्या घराला नाही.

गैरसमज: घरी इन्व्हर्टर आहे, लाइट गेली तरी चिंता नाही

पुण्या-मुंबईचे सल्ले गोंदियात अपुरे पडतात ते इथे. आपल्याकडे उन्हाळी वादळात आणि जुलैच्या विजांत लाइट किती वेळा जाते-येते ते सांगायला नको. इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी चांगला. नॅससाठी त्याच्या तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, लाइट गेल्यापासून इन्व्हर्टरची वीज सुरू होईपर्यंतचा खंड. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोड आणि साधा मोड असं बटण असतं. साध्या मोडमध्ये हा खंड संगणकाला सोसवेल त्याहून मोठा असू शकतो. पंख्याला तो कळतही नाही. पण संगणकाचा एसएमपीएस जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरेल असा बनवलेला असतो, त्यामुळे पीसी रीस्टार्ट होतो. ते बटण यूपीएस मोडवर करा. दुसरी, इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे की जुना चौकोनी वेव्हचा. चौकोनी असेल तर त्यावर नॅस लावू नका. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर नॅसला सांगू शकत नाही. बॅटरी संपली की खोका धाडकन बंद पडतो, आणि त्या क्षणी डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर ते अर्धवट राहतं.

यूएसबी केबल असलेला छोटा यूपीएस हे काम करतो. लाइट गेली की तो नॅसला निरोप देतो, नॅस काही मिनिटं वाट पाहतो आणि स्वतःहून नीट बंद होतो. रेडीमेड खोक्यात ही सोय आधीच असते, पण आपला यूपीएस कंपनीच्या यादीत आहे का ते पाहून घ्या. ट्रूनॅस आणि ओपनमीडियाव्हॉल्टमध्येही ती मोफत आहे, फक्त सेटिंग स्वतः करावं लागतं. असेंबल केलेल्यात ट्रूनॅसची झेडएफएस ही फाइल प्रणाली वापरली तर आणखी एक फायदा आहे. ती जुन्या मजकुरावर नवा लिहीत नाही, नवा आधी मोकळ्या जागेत लिहून मग जुना सोडते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहते.

विजांचा मुद्दा वेगळा. सर्ज प्रोटेक्टर घेतला की झालं, असं नाही. घराला नीट अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग फार कमी होतो, आणि जुन्या घरांत अर्थिंगची तार कित्येकदा नावापुरतीच असते. वायरमनला बोलावून ती आधी तपासून घ्या. इंटरनेट फायबरने येत असेल तर त्या वाटेने विजेचा दाब घरात शिरत नाही, कारण काच वीज वाहत नाही. तांब्याच्या जुन्या टेलिफोन लाइनबद्दल मात्र हे म्हणता येत नाही.

मे महिन्याचंही लक्षात ठेवा. घरगुती वापराच्या बहुतेक डिस्क ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालाव्यात अशा बनवलेल्या असतात. बाहेर पारा ४५ वर असताना बंद कपाटात ठेवलेला खोका त्या हद्दीच्या जवळ सहज पोचतो. रेडीमेड असो की असेंबल, डिस्कचं तापमान नॅसच्या सेटिंगमध्ये दिसतं. ते ४५ च्या खाली राहील अशी हवेशीर जागा शोधा, कपाट नको.

गैरसमज: रेडीमेड घेतला की बघायला नको

खरं तर बघावं लागतं. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती साठवण उपकरणांत जगभर बाहेरून कुणीतरी शिरलं आणि फॅक्टरी रीसेट करून त्यातला मजकूर पुसून टाकला. त्या उपकरणांना २०१५ नंतर कंपनीकडून अपडेट मिळत नव्हते, तरी लोक ती निर्धास्तपणे इंटरनेटला जोडून वापरत होते. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने क्यूनॅपच्या हजारो खोक्यांतल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी ०.०३ बिटकॉइन मागितले. दोन्हीकडे खोके रेडीमेड होते आणि थेट इंटरनेटवरून उघडे होते.

घराबाहेरून फाइली पाहायच्या म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडण्याचा सल्ला व्हिडिओंमध्ये सर्रास देतात. तो मानू नका. टेलस्केलसारखी सोय वापरली तर पोर्ट न उघडता फक्त आपलेच फोन आणि लॅपटॉप घरच्या नॅसपर्यंत पोचतात, आणि वैयक्तिक वापरासाठी ती मोफत आहे. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटणाऱ्या इंटरनेट कंपन्यांच्या जोडणीवरही ती चालते.

उलट बाजूचा गैरसमजही तेवढाच जुना आहे: कंपनीचा खोका मेला की डिस्क वाचता येत नाहीत. सिनॉलॉजीच्या बाबतीत हे खरं नाही. आत लिनक्सचीच यंत्रणा आहे आणि उबुंटू घातलेल्या साध्या पीसीला त्या डिस्क जोडून मजकूर कसा काढायचा हे कंपनीनेच सांगितलेलं आहे. सगळ्याच कंपन्यांचं असं नाही, म्हणून घेण्याआधी विचारा. कंपनीच्या मर्जीवर राहण्याचा धोका मात्र खरा आहे. २०२५ मध्ये सिनॉलॉजीने काही नव्या मॉडेलांत आपल्याच नावाच्या डिस्क वापरण्याची अट घातली, ग्राहक चिडले आणि त्याच वर्षी ती सैल करावी लागली. असेंबल करणाऱ्याला असा त्रास नसतो. त्याचा त्रास वेगळा: बिघाड झाला की विचारायला कंपनी नाही, इंग्रजी चर्चा वाचत रात्र काढायची तयारी हवी. आणि तो स्वतः नोकरीनिमित्त पुण्याला गेला, तर घरी आई-वडिलांना त्या पीसीचं काय करायचं ते कळत नाही. माझ्या मते निवडीचा निर्णय याच मुद्द्यावर व्हावा. खोका बिघडेल त्या दिवशी त्याच्यासमोर कोण बसणार आहे?

असेंबल करणाऱ्यांना घाबरवणारे दोन गैरसमज चटकन निकालात काढू. ट्रूनॅसला एका टीबीमागे एक जीबी रॅम हवीच, हे घरच्या वापराला लागू नाही. ८ जीबीवर घरचं काम व्यवस्थित चालतं. महागडी ईसीसी रॅम असेल तर चांगलंच, नसेल म्हणून झेडएफएस मजकूर खाऊन टाकत नाही. डिस्क घेताना मात्र ‘सीएमआर’ आहे का ते पाहा. २०२० मध्ये उघड झालं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क ‘एसएमआर’ प्रकारच्या होत्या. त्या भरायला सुरुवात केली की फार मंदावतात.

गैरसमज: सगळं गुगलवर आहे, किंवा मग नॅस हवाच

गुगल फोटोजची फुकट, अमर्याद साठवण १ जून २०२१ ला संपली. आता १५ जीबीत मेल, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप असं सगळं बसवावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती नुसती साठवण नाही, फोनशी जुळवणी (सिंक) आहे. फोनवरून बॅकअप झालेला फोटो ॲपमध्ये डिलीट केला की तो सगळीकडून जातो आणि कचऱ्यात ६० दिवसच थांबतो. घराबाहेरची एक प्रत म्हणून ती चांगली, एकमेव प्रत म्हणून नाही.

दुसऱ्या टोकाला, नॅसची गरज नसलेलेही पुष्कळ आहेत. राईस मिलचा हिशेब पाहा. भरडाईच्या नोंदी, टॅलीचा डेटा, बिलांचे स्कॅन, सगळं मिळून काही जीबी होतात. जीएसटीच्या नियमाने हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, त्यामुळे ती हरवून चालत नाहीत. पण त्यासाठी चोवीस तास चालणारा खोका कशाला? दोन पोर्टेबल हार्डडिस्क आळीपाळीने वापरा, एक मिलमध्ये, एक घरी. पेनड्राइव्हवर मात्र विसंबू नका, वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहण्यासाठी तो बनलेला नाही. ज्या घराचे सगळे फोटो एका टीबीत मावतात, त्यांनाही हाच मार्ग पुरतो.

घराबाहेरच्या प्रतीचा प्रश्न गोंदियात जरा वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो. घरच्या जोडणीवर अपलोडचा वेग ३० एमबीपीएस मिळाला तर एक टीबी वर चढवायला सलग तीन दिवस लागतात, आणि त्यात लाइट गेली की पुन्हा खोळंबा. तीच डिस्क बबल रॅपमध्ये गुंडाळून बॅगेत घातली तर विदर्भ एक्स्प्रेसने दोन-अडीच तासांत नागपुरात पोचते. नागपुरात काका, मामा, बहीण, कुणी ना कुणी असतंच. एक डिस्क त्यांच्याकडे ठेवायची, दिवाळीत आणि उन्हाळ्यात ती आणून ताजी करायची आणि दुसरी पाठवायची. वाटेत हरवली तर घरचे फोटो परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्टने तिला पासवर्ड घाला, आणि तो पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा.

शेवटचं काम कुठल्याच खोक्यात आपोआप होत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत एका कर्मचाऱ्याने चुकून मुख्य डेटाबेस पुसला, तेव्हा त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि एकही नीट काम करत नव्हती. सुदैवाने कुणीतरी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली. तेव्हा महिन्यातून एकदा बॅकअपमधलं कुठलंही एक जुनं फोल्डर वेगळ्याच संगणकावर उतरवा आणि त्यातला व्हिडिओ मधूनमधून सरकवत शेवटपर्यंत चालवून पाहा. तो अडकला तर मूळ फाइल हाताशी आहे तोवरच नवी प्रत करून घ्या.